दुसरी खुर्ची

अमेरिकेतील विद्यापीठांच्या महिला फुटबॉल संघांचा इतिहास सामान्यतः मुख्य प्रशिक्षकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि सामन्याच्या वेळी मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारी बाकावर बसणारी चार-सहा माणसे त्या इतिहासात बहुधा छायाचित्राखालच्या नावांपुरती उरतात. तिकडे या खेळाला ‘सॉकर’ म्हणतात, कारण ‘फुटबॉल’ हे नाव लंबगोल चेंडूच्या दुसऱ्याच एका खेळाने आधी घेतलेले आहे. येथे मात्र मराठी वाचकाच्या ओळखीचा फुटबॉल हाच शब्द वापरला आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चॅपेल हिल येथील विद्यापीठाचा महिला संघ हे या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण होय, आणि त्याच उदाहरणाभोवती पुढील वाद मांडला आहे. आपल्याकडील शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी सांगून मग त्याचे उत्तर देण्याची जी रीत आहे, तिला अनुसरून यात दोन वक्ते कल्पिले आहेत: एक क्रीडा-इतिहासाचे प्राध्यापक आणि दुसऱ्या महाविद्यालयीन संघाच्या साहाय्यक प्रशिक्षिका. वक्ते कल्पित असले, तरी त्यांच्या तोंडी आलेल्या घटना आणि आकडे खरे आहेत.

वादाला आरंभ करण्यापूर्वी ‘प्रशिक्षकवर्ग’ या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. मुख्य प्रशिक्षक, त्याच्या हाताखालचे साहाय्यक, गोलरक्षकांचा स्वतंत्र प्रशिक्षक (अनेकदा साहाय्यकांपैकीच एक), खेळाडूंची ताकद आणि दमसास यांकडे पाहणारा क्षमता-प्रशिक्षक, सामन्यांच्या चित्रफिती तपासणारा विश्लेषक आणि प्रवास, निवास, वेळापत्रक सांभाळणारा व्यवस्थापक इतक्यांचा त्यात समावेश होतो. क्रिकेटच्या बातम्यांमुळे ज्याला मराठी वाचक ‘फिजिओ’ म्हणून ओळखतो, त्याच्यासारखे काम करणारा आरोग्यसेवकही याच बाकावर बसतो. परंतु त्याचे स्थान वेगळे आहे आणि ते वेगळे का आहे, हे पुढे येईल.

प्राध्यापक: बाई, एका माणसाने संघ घडवला असे म्हणणे इतिहासात क्वचितच पुराव्याने सिद्ध करता येते, चॅपेल हिल येथे ते करता येते. अँसन डोरान्स यांनी १९७९ मध्ये हा महिला संघ हाती घेतला आणि २०२३ चा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे ४५ हंगाम, ते त्याचे मुख्य प्रशिक्षक राहिले. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने, जिला एनसीएए म्हणतात, महिला फुटबॉलची अजिंक्यपद स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली. त्या स्पर्धेची २१ विजेतेपदे या एका प्रशिक्षकाच्या नावावर आहेत, आणि त्याआधी १९८१ मध्ये महिलांच्या जुन्या संघटनेने भरवलेल्या स्पर्धेचे एक विजेतेपद वेगळेच. १९८६ ते १९९४ ही सलग नऊ वर्षे दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाला तो करंडक मिळाला नाही. खेळाडू दर चार वर्षांनी बदलतात, साहाय्यक येतात आणि जातात. जो एक घटक स्थिर राहिला, यशाचे कारणही त्याच्यातच शोधले पाहिजे.

प्रशिक्षिका: सर, आपण निवडलेली नऊ वर्षेच आपल्या सिद्धान्ताच्या आड येतात. त्याच १९८६ ते १९९४ या काळात डोरान्स अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाचेही मुख्य प्रशिक्षक होते, आणि १९८८ पर्यंत त्यांच्याकडे विद्यापीठाच्या पुरुष संघाचीही जबाबदारी होती. ज्या माणसाचे लक्ष दोन आणि काही काळ तीन संघांत विभागलेले होते, त्याच्याच एका संघाने त्याच वर्षांत अखंड जिंकत राहावे, याचा अर्थ त्या संघाचे रोजचे काम दुसरे कोणीतरी तितक्याच समर्थपणे करत होते, असाच होतो. त्या दुसऱ्या माणसाचे नाव बिल पॅलाडिनो. ते याच विद्यापीठाचे माजी खेळाडू, आणि जवळपास चार दशके त्यांनी साहाय्यकाचेच पद भूषवले. साहाय्यक येतात आणि जातात हे आपले विधान त्यामुळे या संघाला तरी लागू पडत नाही. येथे स्थिर राहिलेले घटक दोन होते.

हा युक्तिवाद प्रस्तुत लेखकाला बिनतोड वाटतो, आणि तो सहसा मांडला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. प्राध्यापकांनी मात्र त्याला एक विचार करण्याजोगे उत्तर दिले.

प्राध्यापक: राष्ट्रीय संघाचे काम त्या वर्षांत महाविद्यालयीन संघापासून फारसे तुटलेले नव्हते. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि अंतिम सामन्यात नॉर्वेला २–१ असे हरवून अमेरिकेने ती जिंकली. त्या संघातील १८ खेळाडूंपैकी ९ जणी चॅपेल हिलच्या आजी-माजी विद्यार्थिनी होत्या. कर्णधार एप्रिल हाइनरिक्स, मिया हॅम, क्रिस्टीन लिली या सगळ्या तिथल्याच. म्हणजे लक्ष विभागले गेले असे म्हणण्यापेक्षा एकच विचार दोन ठिकाणी राबवला गेला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. शिवाय हा विचार साधा नव्हता. सरावाच्या प्रत्येक प्रकारात, मग ती एकास एक झुंज असो, धाव असो वा गोलावरचा फटका असो, कोण जिंकले आणि कोण हरले याची नोंद करायची, त्या नोंदींवरून खेळाडूंची क्रमवारी लावायची आणि ती सर्वांना दिसेल अशी जाहीर करायची, ही त्यांची पद्धत होती. तिला ते स्पर्धेची धगधगती कढई अशा अर्थाचे नाव देत. मुलींनी मैत्रिणीशी मैदानावर जीव तोडून झुंजावे आणि मैदानाबाहेर मैत्री तशीच राहावी, हे त्या काळी कोणी शिकवत नव्हते. ते शिकवण्याचे धाडस एका माणसाचे होते.

प्रशिक्षिका: धाडस मान्य आहे. पण कढईखालचा जाळ कोण घालत होते, हेही पाहावे. सराव चालू असताना प्रत्येक झुंजीचा निकाल टिपायचा, तर कडेला वह्या घेऊन उभी असलेली माणसे लागतात. रात्री त्या नोंदींची बेरीज करणारी माणसे लागतात. आणि क्रमवारीत तळाला गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीजवळ दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बसणारे कोणीतरी लागते. मूळ कल्पनाही एकट्याची नव्हती. त्याच विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या सरावात अशा नोंदी ठेवल्या जात असत, आणि ती रीत डोरान्स यांनी तिथून घेतली, हे त्यांनीही लपवलेले नाही. याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. फक्त ते कशाचे बनलेले होते, हे स्पष्ट होते.

येथे थोडे थांबून प्रशिक्षकवर्गाच्या प्रत्यक्ष कामाकडे वळले पाहिजे, कारण वादातील बरेचसे गैरसमज त्या कामाच्या अपुऱ्या माहितीतून येतात. महाविद्यालयीन हंगाम ऑगस्टच्या मध्यास सुरू होऊन डिसेंबरच्या आरंभी संपतो, आणि या साडेतीन महिन्यांत संघाला बहुधा आठवड्याला दोन सामने खेळावे लागतात. खेळाडू विद्यार्थिनी असल्यामुळे नियमाने सरावावर बंधन घातले आहे: हंगामात आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास यांपेक्षा अधिक काळ त्यांच्याकडून खेळाचे काम करून घेता येत नाही आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण मोकळा द्यावा लागतो. वीस तास हे एका माणसाला अपुरे आणि चार माणसांना पुरेसे असतात. मुख्य प्रशिक्षक आक्रमकांना घेऊन बसला असताना त्याच वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गोलरक्षकांचे काम चाललेले असते, तिसरीकडे दुखापतीतून उठणाऱ्या दोघीतिघींना हळूहळू पळवले जाते, आणि आत खोलीत विश्लेषक पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफितींतून कॉर्नर किक कशा घेतल्या जातात ते वेगळे काढत असतो.

महाविद्यालयीन खेळाचा बदली खेळाडूंविषयीचा नियमही जगातील इतर फुटबॉलपेक्षा निराळा आहे. अन्यत्र बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. येथे पहिल्या अर्धात बाहेर गेलेली खेळाडू त्या अर्धात परतू शकत नसली, तरी दुसऱ्या अर्धात बाहेर गेलेलीला एकदा परत येता येते. चॅपेल हिलचा संघ प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर सतत धावून जाऊन चेंडू हिसकावण्यासाठी प्रसिद्ध होता, आणि असा दमवणारा खेळ ९० मिनिटे टिकवायचा तर ताज्या पायांची अदलाबदल अचूक वेळी करावी लागते. कोण किती मिनिटे खेळली, कोणाची परतीची संधी शिल्लक आहे, कोणाच्या पायात गोळा येऊ लागला आहे, हे बाकावर बसून मोजणारा साहाय्यक त्या शैलीचा अर्धा कर्ता असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुखापती टाळणे हाही या कामाचाच भाग आहे. गुडघ्याच्या आतील एका अस्थिबंधाची दुखापत, जिला संक्षेपाने एसीएल म्हणतात, पुरुषांच्या तुलनेत महिला फुटबॉलपटूंमध्ये दोन ते तीन पट आढळते, आणि ती झाली की बहुधा सारा हंगाम हातचा जातो. उडी मारून उतरताना गुडघा आत वळू न देणे, अचानक दिशा बदलताना कंबरेचा तोल सांभाळणे अशा व्यायामांचा पंधरा-वीस मिनिटांचा संच प्रत्येक सरावाआधी नेटाने केल्यास दुखापती लक्षणीय घटतात. मात्र तो कंटाळवाणा असतो, आणि तो रोज, कोणाचीही सवलत न करता करून घेणारी व्यक्ती क्वचितच मुख्य प्रशिक्षक असते.

प्राध्यापक: बाई, कामाची वाटणी नाकारण्याचे कारणच नाही. कोल्हापूरच्या तालमीत वस्तादाखाली जुने मल्ल नव्यांना शिकवतात, पण तालीम वस्तादाच्या नावाने ओळखली जाते, आणि ते रास्तच आहे. कारण चूक झाली तर जबाब त्यालाच द्यावा लागतो. अनेकांनी काम करावे, निर्णय मात्र एकाने घ्यावा, यात अन्याय कोणता?

प्रशिक्षिका: जबाब त्यालाच द्यावा लागतो, असे आपण म्हणालात, अडचण तिथेच आहे. तो जबाब मागणार कोण? मुलीला खेळवायचे की नाही, शिष्यवृत्ती किती द्यायची, पुढे राष्ट्रीय संघाकडे शब्द टाकायचा की नाही, हे सगळे ज्या एका माणसाच्या हाती आहे, त्याच्याविरुद्ध तोंड उघडणे वीस वर्षांच्या मुलीला सोपे नसते. १९९८ मध्ये या संघाच्या दोन माजी खेळाडूंनी डोरान्स आणि विद्यापीठ यांच्याविरुद्ध लैंगिक छळाचा दावा दाखल केला. छळाचा आरोप डोरान्स यांनी नाकारला. एका खेळाडूशी २००४ मध्ये तडजोड झाली. दुसरीचा दावा सुनावणीयोग्य आहे, असे २००७ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवले, आणि २००८ मध्ये ३,८५,००० डॉलर देऊन तोही तडजोडीने मिटला. खेळाडूंच्या खासगी आयुष्याविषयीच्या अनुचित संभाषणात भाग घेतल्याबद्दल त्या वेळी प्रशिक्षकांनी दिलगिरी व्यक्त केली. दोष न्यायालयात सिद्ध झाला नाही, हे खरे. परंतु येथे प्रश्न एका माणसाच्या चारित्र्यापुरता नाही. अशा वेळी मुलीने ज्याच्याकडे जावे, अशी व्यक्ती त्या प्रशिक्षकवर्गात होती का, आणि असल्यास तिची नोकरी कोणाच्या मर्जीवर होती, हा तो प्रश्न आहे.

यावर प्राध्यापक काही काळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी जे म्हटले ते त्यांच्या पक्षाच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते: एकहाती सत्ता यशाचे कारण असू शकते आणि त्याच वेळी ती धोक्याचेही कारण असू शकते, आणि इतिहासकाराने पहिले लिहिताना दुसरे झाकू नये. आरोग्यसेवकाचे स्थान वेगळे ठेवण्यामागे हीच जाणीव आहे. डोक्याला मार लागलेली किंवा गुडघा दुखावलेली खेळाडू पुन्हा मैदानात केव्हा उतरेल, याचा निर्णय वैद्यकीय पथकानेच घ्यावा आणि प्रशिक्षकाने तो फिरवू नये, असा नियम एनसीएएमधील मोठ्या परिषदांनी, म्हणजे विद्यापीठांच्या गटांनी, २०१६ मध्ये स्वीकारला. प्रशिक्षकाच्या बाकावर बसूनही त्याच्या अधिकाराबाहेर असलेली एक जागा अशा रीतीने निर्माण झाली. साहाय्यक प्रशिक्षकांना असे संरक्षण नाही. मुख्य प्रशिक्षक बदलला की त्यांच्या नेमणुकाही बहुधा संपतात.

प्रशिक्षिकांचा पुढचा मुद्दा या वादाच्या मुळाशी जाणारा होता. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये लिंगाधारित भेदभावाला त्याने मनाई केली, आणि विद्यापीठांना मुलींसाठी संघ काढणे भाग पडले. त्या वर्षी महिला संघांच्या मुख्य प्रशिक्षकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कार्पेंटर या दोन अभ्यासिकांनी सदतीस वर्षे चालवलेल्या पाहणीनुसार २०१४ मध्ये हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आले होते. मुलींच्या खेळाला पैसा आणि प्रतिष्ठा मिळाली, आणि त्याबरोबर त्यांच्या संघांच्या मुख्य खुर्च्या पुरुषांकडे गेल्या.

प्राध्यापक: पण याला प्रशिक्षकवर्गाची रचना कशी जबाबदार ठरते? चांगली स्त्री उमेदवार असेल, तर तिला ती खुर्ची मिळेलच.

प्रशिक्षिका: सर, १९८२ ते २०२४ या काळातील ४३ एनसीएए विजेतेपदे मोजून पाहावीत. मुख्य प्रशिक्षकपदी स्त्री असलेल्या संघाने त्यांपैकी फक्त चार जिंकली. १९९८ मध्ये बेकी बर्ली यांच्या फ्लोरिडाने, जो संघ सुरू होऊन अवघे चौथे वर्ष होते, अंतिम सामन्यात डोरान्स यांच्याच संघाला हरवले. ते स्त्री मुख्य प्रशिक्षकाचे पहिले विजेतेपद. त्यानंतर २०१३ मध्ये यूसीएलएच्या अमांडा क्रॉमवेल, २०१५ मध्ये पेन स्टेटच्या एरिका डॅम्बाक आणि २०२२ मध्ये पुन्हा यूसीएलएच्या मार्गरीट आओझासा. क्षमता नसती, तर या चार जणीही दिसल्या नसत्या. खुर्चीपर्यंतची वाट अरुंद आहे, आणि ती वाट दुसऱ्या खुर्चीवरून जाते. वर्षानुवर्षे त्या दुसऱ्या खुर्चीच्याही बाजूला एक बिनपगारी जागा असे, जिला स्वयंसेवक प्रशिक्षक म्हणत. हंगामभर पगाराशिवाय राबणे ज्यांना परवडते, त्यांनाच ती जागा घेता येई, आणि पुढच्या नेमणुकीसाठी लागणारा अनुभवही त्यांनाच मिळे. १ जुलै २०२३ पासून हा प्रकार रद्द करून त्या जागा साहाय्यकांच्या संख्येत धरल्या जाऊ लागल्या. हा बदल वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर फारसा आला नाही, पण करंडकांपेक्षा तो कमी महत्त्वाचा नाही.

दुसऱ्या खुर्चीने पुढे काय घडते, याचे दाखले इतिहासात विपुल आहेत. १९९१ च्या विश्वविजेत्या संघात गोलरक्षकांना शिकवणारे टोनी डिचिको १९९४ मध्ये राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि १९९६ चे ऑलिंपिक सुवर्णपदक व १९९९ चा विश्वचषक त्यांच्या काळात आला. डिचिको यांच्या हाताखाली साहाय्यक असलेल्या एप्रिल हाइनरिक्स २००० मध्ये त्या संघाच्या पहिल्या स्त्री मुख्य प्रशिक्षक झाल्या आणि त्यांच्या संघाने २००४ मध्ये अथेन्सला सुवर्ण जिंकले. चॅपेल हिलच्या माजी खेळाडू सिंडी पार्लो कोन यांनी तिथेच साहाय्यक म्हणून काम केले, २०१३ मध्ये पोर्टलंडच्या व्यावसायिक संघाला नव्या राष्ट्रीय लीगचे पहिले विजेतेपद मिळवून दिले, आणि २०२० मध्ये त्या अमेरिकी फुटबॉल महासंघाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. व्यावसायिक महिला लीगमधील प्रशिक्षकांच्या गैरवर्तनाची चौकशी करणारा अहवाल ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात प्रसिद्ध झाला. खेळाडूंच्या तक्रारी वारंवार येऊनही त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, असा त्याचा निष्कर्ष होता.

वादाचा शेवटचा भाग एका मैदानापाशी येऊन ठेपला. चॅपेल हिलपासून जवळच असलेले केरी हे शहर भारतीय, आणि त्यांत मराठी, कुटुंबांच्या वस्तीमुळे इकडच्या अनेक घरांना परिचित आहे; डोरान्स यांचा जन्म १९५१ मध्ये मुंबईत झाला होता, हा योगायोग तिथल्या एखाद्या मराठी घरात सांगण्यासारखा आहे. त्या केरीच्या मैदानावर २०२२ चा अंतिम सामना झाला. डोरान्स यांचा संघ २–० असा पुढे होता. ८० व्या मिनिटाला एक गोल फिटला, आणि अवघे १६ सेकंद उरले असताना कॉर्नरवरून हेडरने दुसरा. जादा वेळेत यूसीएलएने ३–२ असा विजय मिळवला. मार्गरीट आओझासा यांचे मुख्य प्रशिक्षक म्हणून ते पहिलेच वर्ष होते. त्याआधी त्या स्टॅनफर्डमध्ये साहाय्यक होत्या, आणि तेथील २०१७ व २०१९ च्या विजेतेपदांच्या वेळी बाकावरच्या दुसऱ्या खुर्चीत होत्या. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगामाच्या तोंडावर डोरान्स निवृत्त झाले. साहाय्यक डेमन नाहास यांच्याकडे संघ हंगामी म्हणून आला, आणि डिसेंबरमध्ये त्याच केरीत वेक फॉरेस्टला १–० असे हरवून या संघाने २०१२ नंतरचे पहिले विजेतेपद, एकूण बाविसावे, मिळवले.

प्राध्यापक: याचा अर्थ उलटाही लावता येतो. ४५ वर्षांत घातलेला पाया इतका पक्का होता, की बांधणारा निघून गेल्यावरही इमारत उभी राहिली.

प्रशिक्षिका: लावता येईल. पण पाया एकट्याने घातला असता, तर बांधणारा जाताच चार दिवसांत त्याच इमारतीत वावरायला लागणारा माणूस आतच सापडला नसता. आणि नाहास यांना ते पद त्याच डिसेंबरात कायमचे मिळाले. आता त्यांच्याजवळ आणि आओझासा यांच्याजवळ कोण बसते, त्यांना पगार किती मिळतो, आणि त्यांच्यात मुली किती आहेत, एवढे दर वर्षी कोणीतरी लिहून ठेवावे. सरावातील प्रत्येक झुंज जे विद्यापीठ टिपून ठेवते, त्याला हे कठीण जाऊ नये.

प्राध्यापकांनी ती सूचना मान्य केली, आणि आपल्या इतिहासाच्या पुढील आवृत्तीत पॅलाडिनो यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण घालण्याचे ठरवले; त्या प्रकरणाचे शीर्षक काय असावे, याविषयी मात्र त्या दोघांचे एकमत झाले नाही.